शिष्यवृत्ती की आगाऊ पगार?

1878 साली गोपाळराव जोशींनी कोल्हापूरहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. पत्नीला शिकवायचं आहे, अमेरिकेत काही सोय होईल का, एवढाच प्रश्न. उत्तराचा मथितार्थ होता की आधी ख्रिस्ती व्हा. हा पत्रव्यवहार तिकडच्या एका मासिकात छापून आला, तो थिओडोशिया कारपेंटर या बाईंच्या वाचनात आला, आणि आनंदीबाई हिंदू राहूनच 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. मिशनच्या मदतीची किंमत म्हणजे धर्म, हे आपल्या डोक्यात पक्कं बसण्यात या गोष्टीचा वाटा असावा.

नर्सिंगमध्ये मात्र किंमत मुख्यतः श्रमांत मोजली जात होती. 1860 मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झाली, तेव्हा शिकाऊ मुलींकडून फी घेतली जात नव्हती. उलट राहणं, जेवण, गणवेश आणि वर्षाला 10 पौंड त्यांनाच मिळत. यात दानधर्म फारसा नव्हता. वॉर्ड त्या मुलींच्याच जिवावर चालायचे. विद्यावेतन म्हणजे खरं तर कमी केलेला पगार.

हीच पद्धत मिशन रुग्णालयांबरोबर भारतात आली. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उभारलं आणि पुढे तिथेच नर्सिंगचं शिक्षणही सुरू झालं. वेल्लोरला आयडा स्कडर यांनी 1909 मध्ये नर्सिंग शाळा काढली. अडचण होती ती मुली मिळण्याची. परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, कुठल्याही जातीच्या रोग्याचं भांडं उचलायचं, रात्रपाळी करायची, याला कोणतं घर तयार होणार? ‘चांगल्या घरातल्या’ बहुतेकांनी पाठ फिरवली. आल्या त्या प्रामुख्याने ख्रिस्ती कुटुंबांतल्या मुली, विधवा, मिशनच्या अनाथाश्रमांत वाढलेल्या मुली. जिला घरून पैसे येणार नाहीत, तिला जेवणासकट शिक्षण देणारी दुसरी जागा तेव्हा जवळजवळ नव्हतीच. या मुलींनी आपल्या समाजाला जे दिलं, त्याची नोंद आपण कमी ठेवली आहे असं मला वाटतं.

1946 मध्ये भोर समितीचा अहवाल आला. त्यात 43,000 लोकांमागे एक नर्स असा हिशोब होता. त्याच वर्षी वेल्लोरला नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, मद्रास विद्यापीठाशी संलग्न. मग अर्जही बदलला. पदवी म्हटल्यावर विद्यार्थिनी ही विद्यार्थिनी झाली, वॉर्डातला हक्काचा हात राहिली नाही. खर्च कोणी उचलायचा आणि बदल्यात काय, हे आता कागदावर लिहावं लागलं.

वेल्लोरचं उत्तर म्हणजे प्रायोजकत्व. ज्यांची स्वतःची रुग्णालयं आहेत अशा चर्च-संस्था उमेदवाराची शिफारस करतात, आणि शिक्षण संपल्यावर तिने गरज असलेल्या भागात ठरावीक काळ, साधारण दोन वर्षं, काम करायचं असतं. इथे ‘शिफारस कोणाची?’ हा प्रश्न पुन्हा धर्माच्या दारात नेऊन सोडतो, हे खरंच आहे. चर्चशी ओळख नसलेल्या मुलीला ते दार अरुंद पडतं. पण सेवेची अट मला त्यामानाने सरळ वाटते. आडगावच्या रुग्णालयाला नर्स हवी असते आणि मुलीला शिक्षण. दोघांनाही आपण काय देतो ते ठाऊक असतं. (आमच्या क्षेत्रातही ट्रेनिंगनंतर कंपनी न सोडण्याचा बॉण्ड असतो. त्याला शिष्यवृत्ती म्हणण्याचं धाडस अजून कुठल्या एचआरने केलेलं नाही.)

बिघाड झाला तो दुसरीकडे. खासगी नर्सिंग महाविद्यालयं वाढली, तिथे मुली पूर्ण फी भरू लागल्या, बऱ्याचदा बँकेचं कर्ज काढून. तरीही सेवेची अट मात्र टिकली. मिशनच्या व्यवहारातला देण्याचा भाग गळाला, घेण्याचा उरला. 2011-12 मध्ये मुंबई, दिल्ली आणि केरळमधल्या खासगी रुग्णालयांतल्या नर्सेस संपावर गेल्या. पगारवाढीबरोबर त्यांची मागणी होती की बॉण्ड रद्द करा आणि कपाटात अडकवून ठेवलेली आमची मूळ प्रमाणपत्रं परत द्या.