गासडीला हक्क, पार्सलाला नकार

अमेरिकेत 1861 साली यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कपाशीला कधी नव्हे तो भाव आला. जळगाव कापसाची मोठी पेठ म्हणून नावारूपाला आले ते याच सुमारास. पण साता समुद्रापलीकडच्या गिरणीला हा माल आधी बघता येत नव्हता. गासडी उसवल्यावर आत सरकी, माती किंवा वजन वाढवायला पाणी मारलेली रुई निघे. याची दखल तातडीने घेतली गेली. मुंबई सरकारने 1863 मध्ये कापसातल्या भेसळीविरुद्ध खास कायदा केला आणि तपासनीस नेमले. भेसळ हा शिक्षापात्र गुन्हा ठरला. खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर यांनी हिंगणघाटचे बी आणवून जिल्ह्याचा वाणच बदलण्याचा घाट घातला. पुढे 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गासडीवर प्रेसची खूण आणि क्रमांक सक्तीचा झाला, म्हणजे खराब माल कोणत्या प्रेसमधून निघाला याचा माग थेट जळगाव-धुळ्यापर्यंत काढता यावा. न पाहता घेणाऱ्याला संरक्षण हवे, हे तत्त्व खानदेशात दीडशे वर्षांपूर्वीच मान्य झाले होते. ते संरक्षण मिळाले मात्र गासड्यांनी घेणाऱ्याला.

याच खानदेशातला माणूस स्वतः दुरून माल मागवू लागला, तेव्हा त्याच्या वाट्याला काय आले? टपाल खात्याने 1877 मध्ये व्ही.पी.ची (व्हॅल्यू पेएबल) सोय काढली. मुंबई-पुण्याच्या दुकानाला पत्र टाकावे, पार्सल पोस्टमन घेऊन येई, पैसे मोजले की ते हातात पडे. पार्सल नाकारण्याची मुभा होती, पण ते बंद असतानाच. फोडून बघायचे तर आधी रक्कम भरायची. 1898 च्या टपाल कायद्याच्या 35व्या कलमाने दोन गोष्टींना जागा दिली: माल खऱ्या मागणीवरूनच पाठवला आहे असे दुकानदाराकडून लिहून घेणे, आणि फसवणूक झाली असेल तर वसूल केलेली रक्कम रोखून ग्राहकाला परत करणे. ही तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण पैसे दुकानदाराच्या खिशात जाण्याआधी मधे थांबवता येतात हे तिने ओळखले होते. पण त्यासाठी फसवणूक दाखवावी लागे. धोतरजोडी जाहिरातीतल्यापेक्षा विरळ निघाली, एवढ्याने भागत नसे.

यावर कोणी म्हणेल की कायदा सगळ्यांना सारखाच होता. 1930 च्या मालविक्री कायद्यातला माल तपासण्याचा हक्क लहान गिऱ्हाइकालाही आहेच. कागदावर ते खरे आहे. पण कापसाचा वांधा निघाला की व्यापारी मुंबईच्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनच्या लवादाकडे जाई आणि दर्जातल्या फरकाची भरपाई मागे. व्ही.पी. सोडवलेल्या माणसाने काही रुपयांसाठी कोणत्या कोर्टाची पायरी चढायची? हक्क वापरण्याचा खर्च मालाच्या किमतीहून जास्त असेल तर तो हक्क त्याच्या कामाचा नाही. आजही कायद्याची घडी तीच आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष माल परत न घेणे ही अनुचित प्रथा मानतो आणि बिलावर मुदत नसेल तर 30 दिवस देतो. 2020 चे ई-कॉमर्स नियम परतीचे धोरण जाहीर करायला लावतात. माल निर्दोष आहे, पण प्रत्यक्ष पाहिल्यावर नको वाटला, तर मात्र सारे विक्रेत्याच्या धोरणावर. युरोपीय संघात दुरून केलेली खरेदी कारण न देता 14 दिवसांत रद्द करता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दुकानदार बुडेल. व्ही.पी. नाकारली की जाण्यायेण्याचा भुर्दंड त्यालाच बसे, आणि आज ऑनलाइन विकणाऱ्यांत जळगाव-धुळ्याचे छोटे व्यापारीही आहेत. त्यांची काळजी रास्त आहे. पण परतीचे भाडे ग्राहकाने द्यावे, वापराने मालाची किंमत उतरली असेल तर तेवढी रक्कम कापावी, नाशवंत माल वगळावा, अशा अटी घालता येतात; युरोपातही त्या आहेत. विम्याच्या बाबतीत तर आपण हे करूनच दाखवले आहे. पॉलिसी हातात आल्यावर वाचून ती परत करायची मुदत पूर्वी साधारण 15 दिवस होती, 2024 च्या नियमांनी ती 30 दिवस झाली, आणि तेवढ्या काळातला जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणी व मुद्रांकाचा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. विमा कंपन्या त्याने बुडाल्या नाहीत. हीच वजावटीची रीत कापडाला आणि मिक्सरलाही लावता येईल.