जमिनीवरचा घरगुती पोहण्याचा हौद

जमिनीवरचा घरगुती पोहण्याचा हौद : खड्डा न खणता अंगणात किंवा शेतातल्या घरापुढे उभा करायचा आणि हंगाम संपला की घडी घालून ठेवायचा हौद. भिंत आणि तळ पीव्हीसीच्या जाड कापडाचे असतात. चांगल्या कापडात पीव्हीसीच्या दोन थरांमध्ये पॉलिएस्टरची जाळी असते. बाजारात दोन प्रकार जास्त चालतात. पहिल्यात वरच्या कडेला हवेचे वळे असते आणि पाणी भरत जाईल तशी भिंत आपोआप उभी राहते. दुसऱ्यात रंगाचा थर दिलेल्या लोखंडी नळ्यांचा सांगाडा असतो. भारतात इंटेक्स आणि बेस्टवे या दोन परदेशी कंपन्यांचे हौद सहज मिळतात.

सोलापुरात अशा हौदाची हौस समजण्यासारखी आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो, शाळांना सुट्टी असते आणि दुपारी घराबाहेर पडवत नाही. आधीच्या पिढ्या शेतातल्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकल्या. शहरात मार्कंडेय आणि सावरकर हे जलतरण तलाव आहेत, आणि खरे पोहणे शिकायचे असेल तर तिथेच जावे. दहा फुटांच्या हौदात हात मारायला जागाच मिळत नाही. तो आहे डुंबण्यासाठी, लहान मुलांची पाण्याची भीती मोडण्यासाठी आणि संध्याकाळी घरच्यांनी एकत्र गार होण्यासाठी. एवढे त्याच्याकडून मागितले, तर तो ते पुरेपूर देतो.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. शहराचे पाणी मुख्यतः उजनी धरणाचे : काही थेट जलवाहिनीने येते, काही भीमेत सोडल्यावर औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचलले जाते. त्याला एकरुखच्या, म्हणजे हिप्परग्याच्या, तलावाची जोड आहे. तरीही नळाला रोज पाणी न येणे सोलापूरकरांच्या अंगवळणी पडले आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण मृतसाठ्यावर होते. अशा गावात हौद घ्यायचा, तर आधी कागद-पेन्सिल घेऊन बसले पाहिजे.

दहा फूट व्यासाचा गोल हौद ६० सेंटिमीटर भरला, तर त्यात सुमारे ४,४०० लिटर पाणी मावते. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. त्या मापाने हे चौघांच्या घराचे आठ दिवसांचे पाणी झाले. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण एक सेंटिमीटर उतरते, म्हणजे या हौदातून रोज सत्तरेक लिटर उडून जाते. दर आठवड्याला हौद रिकामा करून पुन्हा भरला, तर दहा आठवड्यांत ४४ हजार लिटर लागतील. तेच पाणी राखले आणि रोजची तूट तेवढी भरली, तर दहा हजारांच्या आत काम भागते. म्हणून सोलापुरात हौदाची निगा म्हणजे पाणी न बदलता ते स्वच्छ ठेवणे. ज्याला रोज अर्धा तास त्यासाठी देता येणार नाही, त्याने हौद घेऊच नये.

खरेदी करताना आकाराचा मोह आवरावा. १५ फूट व्यास आणि चार फूट उंचीच्या हौदाला सोळा हजार लिटरांहून अधिक पाणी लागते. बोअर बारमाही असेल तरच त्याचा विचार करावा. दोन-तीन मुलांच्या घराला आठ ते दहा फूट पुरे. हवेच्या वळ्याचा हौद स्वस्त पडतो, पण वळ्याला भोक पडले की कड बसते आणि पाणी वाहून जाते. सांगाड्याचा हौद जास्त टिकतो. खोके उघडून नळ्यांच्या जोडांवर रंग निघालेला नाही ना ते पाहावे, कारण गंज तिथूनच धरतो. ठिगळाचे तुकडे सोबत आहेत का आणि गाळणीतले घड्यांचे कागदी कार्ट्रिज पुढेही सुटे मिळेल का, हे दुकानदाराला विचारून घ्यावे.

गच्चीवर हौद ठेवायची कल्पना सगळ्यांनाच सुचते आणि तीच सर्वांत धोक्याची आहे. ६० सेंटिमीटर पाण्याचा भार दर चौरस मीटरला ६०० किलो होतो. भारतीय मानकाप्रमाणे वापरातल्या गच्चीसाठी धरला जाणारा भार साधारण १५० किलोच आहे. चौपट फरक ‘आमचा स्लॅब मजबूत आहे’ एवढ्या शब्दावर भरून निघत नाही. जुन्या पेठांमधल्या माळवदाच्या घरांवर तर भरलेले पिंपही जपून ठेवावे लागते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने हिशेब करून लेखी दिल्याशिवाय हौद जमिनीवरच ठेवावा.

जमीनही पारखून घ्यावी लागते. सोलापूरच्या पट्ट्यातली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. हौदाच्या कडेला सांडलेले पाणी एका बाजूने मुरले की तेवढीच बाजू उचलली जाते आणि सांगाडा वाकडा होतो. म्हणून वीतभर माती काढून तिथे मुरूम टाकावा, पाणी मारून धुमसाने चोपावा आणि गवंडी वापरतात त्या पारदर्शक नळीने पातळी धरावी. एका बाजूला तीन-चार सेंटिमीटर उतार असला, तरी जास्तीचा दाब त्या बाजूच्या शिवणीवर येतो. काळ्या रानात आणखी एक वैरी असतो : लव्हाळा. त्याचा टोकदार कोंब अंधारात, ओलाव्याने वर येतो आणि पीव्हीसीला खालून आरपार भोक पाडतो. पाणी का उतरते ते मग कळतही नाही. वरचे गवत कापून भागत नाही, गाठी खणून काढाव्या लागतात. मुरमावर जुन्या फ्लेक्सचे दोन थर अंथरले की खडेही टोचत नाहीत. हौद कडुनिंबाखाली मांडू नये, कारण पाने-फुले गाळण्यात जीव जातो. त्याऐवजी डाळिंबाच्या बागांवर धरतात तसली शेडनेट वर बांधावी. तिने बाष्पीभवन, शेवाळ आणि उन्हाने उडणारे क्लोरिन, तिन्ही कमी होतात.

पाण्यात मुक्त क्लोरिन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.८ राहिला, तर पाणी निरोगी राहते. गावोगावच्या पाणीपुरवठ्यात वापरतात ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर इथेही चालते. ४,४०० लिटरना लिटरमागे २ मिलिग्रॅमची मात्रा द्यायला ताजी पावडर तीसेक ग्रॅम पुरते. ती बादलीभर पाण्यात कालवून चुनखडी तळाला बसू द्यावी आणि वरची निवळीच हौदात ओतावी. वेळ सूर्यास्तानंतरची, कारण भर उन्हात साधे क्लोरिन तासा-दोन तासांत बहुतेक उडून जाते. टीसीसीए या गोळ्यांमध्ये क्लोरिन ९० टक्के असते आणि त्यांतले सायन्युरिक आम्ल उन्हापासून क्लोरिनचे रक्षण करते; मात्र ते आम्ल पाण्यात साठत जाते आणि पुढे क्लोरिनच मंद पडते. पहिले दोन-तीन आठवडे गोळ्या आणि मग टीसीएल, हा क्रम छोट्या हौदाला मानवतो. दोन्ही पदार्थ एकाच भांड्यात कधीही आणू नयेत. त्यांच्या मिश्रणाने आग लागू शकते. क्लोरिनच्या कोणत्याही पावडरीत आम्ल पडले तर विषारी वायू निघतो.

चाचणीसाठी जलकुंभावरचे कर्मचारी करतात ती ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी सोपी आहे : काचेच्या नळीत पाणी घ्यावे, ओटीचे थेंब टाकावेत आणि पिवळा रंग पट्टीशी ताडून पाहावा. रंग आलाच नाही, तर त्या दिवशी मुलांना पाण्यात उतरवू नये. कोमट, क्लोरिन नसलेल्या गोड्या पाण्यात नाकावाटे शिरणारा अमीबा वाढू शकतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ साली अशा मेंदूज्वराने बळी गेले आणि तिथे क्लोरिनीकरणाची मोहीम हाती घ्यावी लागली. बोअरचे पाणी खडकातल्या क्षारांमुळे जड असते, भिंतीवर पांढरा थर धरतो आणि सामू वर चढतो. तो उतरवायला सोडियम बायसल्फेट थोडे थोडे वापरावे.

गाळणीच्या छोट्या पंपाला छताच्या पंख्याइतकीही वीज लागत नाही. सगळे पाणी दिवसातून दोनदा गाळणीतून जाईल इतका वेळ तो चालवावा. कागदी कार्ट्रिज रोज बाहेर काढून घड्यांमध्ये तिरपी धार मारून धुवावे. केसांचे तेल आणि अंगाचा मळ त्याच घड्यांत अडकलेला असतो. उतरण्यापूर्वी साबणाने अंघोळ आणि शिडीपाशी पाय बुडवायला एक घमेले, या दोन सवयींनी बरीच घाण बाहेरच राहते. पाण्याला येणारा उग्र वास जास्त क्लोरिनचा समजतात. बहुतेक वेळा तो घाम आणि लघवीशी क्लोरिनचा संयोग झाल्याचा असतो, आणि त्यावर क्लोरिन कमी न करता वाढवायचे असते.

मुलांच्या बाबतीत सूट नाही. बूड टेकेल इतक्या पाण्यातही लहान मूल बुडते, आणि बुडताना ते ओरडत नाही. जिल्ह्यातल्या प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यांनी हा धडा फार महाग शिकवला आहे. एका मोठ्या माणसाने मोबाइल बाजूला ठेवून हौदापाशीच बसावे. सगळे बाहेर आले की शिडी काढून घरात न्यावी. पंपाच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरवर तुटणारे आरसीसीबी बसवावे आणि कोणी पाण्यात असताना पंप बंद ठेवावा. गावाला जायचे असेल तर हौद भरून ठेवून जाऊ नये. क्लोरिन उडालेल्या साचल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते.

जूनमध्ये पहिले पाऊस झाले की हंगाम संपतो. क्लोरिन टाकणे थांबवून ओटीच्या नळीत पिवळा रंग येईनासा झाला की पाणी झाडांना द्यावे. पाणी उडत गेल्याने त्यात क्षार जवळपास दुप्पट झालेले असतात, म्हणून ते क्षार सोसणाऱ्या नारळाला घालावे. कुंड्यांना आणि डाळिंबाच्या कोवळ्या रोपांना नको. रिकामा हौद धुऊन, सावलीत दोन्ही बाजूंनी वाळवून, घड्यांमध्ये शंखजिऱ्याची पूड भुरभुरून ठेवावा. त्यासाठी झाकणाचा पत्र्याचा पेटारा घ्यावा. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेले पीव्हीसी उंदीर हमखास कुरतडतात, आणि घडीवर पडलेले एक भोक उलगडल्यावर चार ठिकाणी निघते.