पेरूचा पाहुणा

आमच्या अंबडात पाहुण्यांच्या दोनच जाती. एक चहाचे, दुसरे जेवणाचे. चहाचे पाहुणे चपला उंबऱ्याकडे तोंड करून काढतात, जेवणाचे पाहुणे हातातली पिशवी आधी खुंटीला अडकवतात. एवढ्या खुणेवर आमच्या घरात चुलीवर किती पाणी ठेवायचं ते ठरतं. 2022च्या जूनमध्ये मात्र एक पाहुणा असा आला की तो स्वतःच पिशवीत होता.

पिशवी माझ्या नातीच्या हातात होती. जावयांची बदली परराज्यात आणि लेकीची पुण्यात रात्रपाळी, म्हणून नातीनं तिसरीचं वर्ष आजोळी काढायचं असं ठरलेलं. लेकीनं फोनवर, "बाबा, तिच्याबरोबर एक छोटासा प्राणी आहे, चालेल ना?" असं विचारलं आणि मी, "हो हो, त्यात काय!" म्हणालो. आयुष्यात मी सगळ्यांत जास्त चुका या "त्यात काय" दोन शब्दांनी केल्या आहेत.

पिशवीतून एक पांढरं-तपकिरी, बिनशेपटीचं, लोकरीच्या गुंड्यासारखं जनावर निघालं. नातीनं त्याचं नाव ठेवलं होतं लाडू.

माझ्या आईनं चष्मा वर करून त्याला न्याहाळलं. वय पंच्याऐंशी, पण नजर अजून फौजदाराची. म्हणाली, "घूस हाय का रे ही?"

"आई, गिनीपिग आहे."

"म्हंजी इंग्रजी घूस."

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे कोणाचं मूळ कुठलं हे सांगायची खोड जात नाही. म्हटलं, "आई, हा इंग्रज नाही. गिनी देशाचाही नाही आणि डुक्कर तर मुळीच नाही. हा दक्षिण अमेरिकेतला. पेरू देशाचा."

"मग पेरू खात आसंल," आई म्हणाली आणि माळ ओढायला लागली.

आम्ही सगळे हसलो. हे हसणं पुढं आम्हांला फार महागात पडलं.

दुकानदारानं नातीला सांगितलं होतं म्हणे, की ह्याला काहीही चालतं. 'काहीही' या शब्दाचा अर्थ आमच्या घरात दूध-पोळी असा होतो. म्हणून लाडूला सकाळी दूध-पोळी, संध्याकाळी पोळी-दूध आणि मधल्या वेळी वाण्याकडून आणलेली बाजरी असं सुरू झालं. दूध तो हुंगून सोडून द्यायचा. आम्हांला वाटलं, लाजतोय. नवा पाहुणा पहिले चार दिवस लाजतोच. आमची नातही लाजत होती. तिच्या ताटातली भाकरी तशीच राहायची, भाजीचं तिखट लागून डोळ्यांत पाणी यायचं आणि ती "मला भूक नाही" म्हणून उठायची. आमची ही म्हणायची, "होईल सवय."

नातीला सवय झाली. लाडूला झाली नाही. तीन आठवड्यांनी तो कोपऱ्यातून हलेना. उचलला की चिरकायचा. मागचे पाय जडशीळ, सांधे सुजलेले. गल्लीतल्या निवृत्त पशुवैद्य काकांना बोलावलं. माणूस उभा जन्म बैल-म्हशींत काढलेला. त्यांनी लाडूला तळहातावर घेऊन हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, "गुरुजी, ह्याला हिरवं काय घालता?"

मी गप्प.

"फळ?"

मी आणखी गप्प. काकांनी थेंब दिले, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी लाडू गेला. परसातल्या लिंबाखाली आम्ही त्याला पुरलं. नात रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "आजोबा, त्याला काय लागतं ते तुम्हांला माहीत नव्हतं, तर तुम्ही 'हो' कशाला म्हणालात?"

छत्तीस वर्षं मी वर्गात प्रश्न विचारले. असा एकही विचारल्याचं आठवत नाही. त्या रात्री मी पुस्तकं काढून बसलो.

आणि मग कळलं की आमच्या घरात जे घडलं ते 1907 साली नॉर्वेत मुद्दाम घडवून झालं होतं! आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश हे दोघे दर्यावर्दी लोकांच्या आजारावर संशोधन करत होते. त्यांनी प्रयोगासाठी गिनीपिग घेतले आणि त्यांना नुसतं धान्य आणि पाव घातला. त्यांना व्हायला हवा होता बेरीबेरी. गिनीपिगांना झाला स्कर्व्ही. ताजा पाला घातल्यावर तो टळला. कारण असं, की बहुतेक जनावरं आपल्याला लागणारं 'क' जीवनसत्त्व अंगातल्या अंगात तयार करतात. ते ज्यांना जमत नाही अशा मोजक्या मंडळींत माकडं, माणसं आणि गिनीपिग हे तिघे एका पंक्तीला आहेत. म्हणजे उंदराला किंवा कुत्र्याला पोळीवर वर्षभर ठेवलं तरी स्कर्व्ही होणार नाही. गिनीपिगाला दोन-तीन आठवडे पुरतात. तिकडं जे संशोधन म्हणून गाजलं तेच इकडं आम्ही आडाणीपणानं करून दाखवलं, एवढाच फरक.

आणि 'क' जीवनसत्त्व ठासून भरलेलं कोणतं फळ आपल्या बाजारात मिळतं? पेरू! शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. गिनीपिगाला दिवसाला किलोमागं दहा ते तीस मिलिग्रॅम पुरतात. म्हणजे एक फोड. आईनं माळ ओढता ओढता औषध सांगितलं होतं आणि आम्ही हसलो होतो.

बरं, हा पेरूसुद्धा तिकडचाच पाहुणा. फळाला आपण पेरू म्हणतो, पोर्तुगीज टर्की कोंबड्याला पेरू म्हणतात, आणि नकाशातला पेरू वेगळाच. हा घोळ एकदा जहांगीर बादशहाच्या दरबारापर्यंत जाऊन आला आहे. 1612 साली मुकर्रबखान नावाचा त्याचा सरदार गोव्याला जाऊन फिरंग्यांनी मागितली ती किंमत देऊन नवलाईचे प्राणी घेऊन आला. त्यांत एक टर्की होता. बादशहा इतका खूश झाला की त्यानं आपल्या रोजनिशीत त्याचं वर्णन लिहिलं आणि चित्रकार मन्सूरकडून त्याचं चित्र काढवून घेतलं. आपल्याकडं पुण्यात पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता आणि सवाई माधवरावांना हरणांचा मोठा नाद. पण राजेलोकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पदरी जनावरामागं माणूस असतो. आमच्या पदरी आम्हीच.

गिनीपिगाचं मूळ घर अँडीज पर्वतातलं. तिथली माणसं त्याला हजारो वर्षांपासून पाळतात. आपल्याकडं कोंबड्या तसे ते तिथं स्वयंपाकघरात चुलीपाशी हिंडतात, भाजीची देठं खातात आणि सणावारी स्वतःच ताटात जातात. कुस्को शहराच्या कॅथीड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचं एक चित्र आहे, मार्कोस झापाता याचं. त्यात मधल्या ताटात गिनीपिग वाढलेला आहे. ही माहिती मी नातीला सांगितली नाही. तिकडं त्याला 'कुय' म्हणतात, ते त्याच्या कुईकुई आवाजावरून. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात गेला आणि तिथं त्याचं ताट सुटून त्याला मांडी मिळाली.

भारतात मात्र त्याच्या वाट्याला मांडी आली नाही, प्रयोगशाळा आली. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला. वाल्डेमार हाफकिननं ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिली आपल्याच अंगात टोचून घेतली. पुण्यात तेव्हा प्लेगच्या बंदोबस्तातून काय रामायण झालं, रँडचा वध कसा झाला, हे शाळेतली पोरंही सांगतील. पण एवढं होऊनही प्लेग उंदरातून माणसात नेमका येतो कसा, यावर एकमत होत नव्हतं. याचा धागा सापडायला मदत झाली ती मुंबईच्या राणीच्या बागेत. तिथले पाळलेले गिनीपिग अचानक मेले. ग्लेन लिस्टन नावाच्या डॉक्टरनं त्यांचं अंग तपासलं, तर त्यावर उंदरांच्या पिसवा! गिनीपिगावर एरवी पिसवा फारशा नसतात. उंदीर मेले की उपाशी पिसवा दुसरं अंग शोधतात, हे लिस्टनच्या ध्यानात आलं. मग ज्या चाळींतून प्लेगच्या भीतीनं माणसं पळून गेली होती तिथं त्यानं गिनीपिग सोडले. रिकाम्या खोल्यांतल्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा झाल्या.

पुढं 1905 पासून प्लेग कमिशननं परळला प्रयोग केले. प्लेगग्रस्त पिसवा असलेल्या जागेत काही गिनीपिग जमिनीवर, काही जमिनीपासून दोन इंचांवर आणि काही दोन फुटांवर टांगलेल्या पिंजऱ्यात ठेवले. खालच्यांना प्लेग झाला, दोन इंचांवरच्यांनाही झाला. दोन फुटांवरचे वाचले. हवेतून प्लेग येत असता तर वरचेही मेले असते. पिसूची उडी काही इंचांची. परळच्या त्या प्रयोगशाळेला 1925 साली हाफकिनचं नाव मिळालं. गिनीपिगांचं नाव कशालाच मिळालं नाही.

मी हे घरात वाचून दाखवलं, तेव्हा आई म्हणाली, "त्यात काय नवल? आपलं शिंकं कशाला टांगत्येत मग?"

आता यावर कमिशन तरी काय बोलणार! पण आई पुढं एकदम गंभीर झाली. 1994 साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग निघाला तेव्हाचं तिला सगळं आठवत होतं. घरोघर उंदरांची बिळं बुजवलेली, पोरांना अंगणात झोपू न दिलेलं. ती म्हणाली, "जनावर आनायचं तर आन. पर खाली नको ठेवू."

होय, दुसरे आणायचे ठरले होते. नातीनं नव्हे, मीच ठरवलं. दिवाळीनंतर, पेरूचा हंगाम बघून. या वेळी दोन आणले. हा प्राणी एकटा झुरतो. दोन्ही माद्या, नाहीतर दोनाचे वीस होतात आणि मग दुकान आपल्यालाच काढावं लागतं. नावं चिंच आणि गूळ.

पिंजरा सुताराकडून करून घेतला. जाळी अर्ध्या इंचाची, कारण आमच्या परसात धामण फिरते आणि गल्लीत एक बोका आहे. तळ फळीचा, तारेच्या तळानं पाय सोलतात. वर जुनं सुती लुगडं, त्यावर वाळलेलं गवत. गवत हवंच, कारण त्यांचे दात जन्मभर वाढतात आणि चावून झिजवावे लागतात. लपायला भोक पाडलेलं उलटं मडकं. आणि पिंजरा टांगला कुठं? तर ज्या तुळईच्या कड्यांना माझा, माझ्या बापाचा आणि माझ्या लेकीचा पाळणा टांगला होता, त्याच कड्यांना. जमिनीपासून मोजून तीन फूट. कमिशनपेक्षा एक फूट जास्त. हलू नये म्हणून भिंतीला टेकवून बांधला.

खाण्याची यादी नातीनं स्वतःच्या अक्षरात भिंतीवर लावली. बांधावरची हरळी, कोथिंबीर, ढोबळी मिरची, पेरूची फोड. कोवळ्या ज्वारीचे पोंगे नको. त्यानं बैल दगावतो, तिथं ह्यांची काय कथा. बटाटा नको, शेंगदाणा नको. त्यांच्याच मुलखातून आलेले हे दोन पदार्थ आम्ही एकादशीला मिटक्या मारत खातो आणि त्यांनाच चालत नाहीत!

पेरू संपला तेव्हा मोसंबी आली. आमच्या जालना जिल्ह्याची मोसंबी नावाजलेली, 2016 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. ती तरी इथली कुठं? नावच मोझांबिकचं. आणि पाण्यावाचून तीही जगत नाही. 2012-13च्या दुष्काळात इथल्या माणसांनी टँकरनं पाणी घालून बागा जगवायची पराकाष्ठा केली, आणि ज्यांना जमलं नाही त्यांनी स्वतःच्या हातानं झाडं तोडली. पाहुण्याला ठेवून घेणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको.

उन्हाळा ही खरी परीक्षा. तीस अंशांच्या पुढं पारा गेला की गिनीपिगांची तगमग होते आणि आमचा मे महिना चाळीस ओलांडतो. पुढच्या बाजूला आम्ही हौसेनं बांधलेल्या स्लॅबच्या खोल्या तापतात. जुन्या माळवदाखालची मातीच्या जाड भिंतींची आईची खोली मात्र गार. आई ती खोली सोडत नाही म्हणून आम्ही दहा वर्षं कुरकुर केली होती. पिंजरा आपोआप तिथं गेला. आई दुपारभर खिडकीच्या गोणपाटावर पाणी मारायची आणि चिंच-गूळ मडक्यात शिरून घोरायच्या. जूनपर्यंत तिघीही सुखरूप होत्या.

जूनमध्ये लेक आली आणि नातीला पुण्याला घेऊन गेली. प्रवास उन्हाचा, नवी जागा तिसऱ्या मजल्यावरची, पश्चिमेची. नातीनं स्वतःच सांगितलं, "त्यांना इथंच राहू दे. तिथं त्यांना काय लागेल ते मला अजून माहीत नाही." मी खाली बघून चपला शोधायला लागलो.

आता ती रोज रात्री फोन करते. पहिला प्रश्न, "पेरू दिला का?" दुसरा, "पणजीच्या खोलीत गार आहे ना?" माझी चौकशी तिसरी असते, तीही वेळ उरला तर.

परवा तिला सांगितलं, सुट्टीत ये. म्हणाली, "येते. पण आजोबा, भाजी कमी तिखट कराल ना?"

मी "त्यात काय" म्हणालो नाही. आधी हिला विचारलं, मग "हो" म्हणालो.