गड चढला, भजी खाल्ली, फिटंफाट?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी लिहून काढलाय. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, चालवून घ्या.

रविवारी सकाळी आतकरवाडीतून सिंहगड चढणारी गर्दी पाहिली असेलच. निम्म्या लोकांच्या मनगटावर स्मार्टवॉच, आणि वर पोचल्यावर सगळ्यांच्या पुढ्यात तेच: कांदाभजी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. "चढून आलोय ना, मग खा की!" हे मी तिथे शंभरदा ऐकलंय आणि स्वतःही म्हटलंय.

दोन वर्षांपूर्वी तर मी याचं रीतसर एक्सेल शीट केलं होतं. एका रकान्यात खाणं, दुसऱ्यात धावणं. ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक खाल्ला की संध्याकाळी जादा ५ किलोमीटर. चार महिन्यांत गुडघा सुजला, वजन मात्र जिथल्या तिथे. इंजिनिअर माणूस, मला वाटलं फॉर्म्युल्यात बग आहे. तो शोधता शोधता पार १८९०च्या दशकात जाऊन पोचलो.

जागा: अमेरिकेतलं मिडलटाउन गाव, तिथल्या वेस्लियन विद्यापीठाचं तळघर. विल्बर अ‍ॅटवॉटर हे रसायनशास्त्रज्ञ आणि एडवर्ड रोझा हे भौतिकशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून एक हवाबंद खोली बांधली, आपल्या बाथरूमएवढी. तिच्यात एक माणूस काही दिवस राहायचा. जेवण एका छोट्या झडपेतून आत जायचं, तोलून मापून. बाहेर यायचं तेही तोललं जायचं (हो, तेसुद्धा). आत झोपायचं, वाचायचं, कधी जागच्या जागी सायकल मारायची. अंगातून निघणारी उष्णता नळ्यांमधून फिरणाऱ्या पाण्यात उतरायची आणि ते पाणी किती तापलं त्यावरून हिशोब लागायचा. निष्कर्ष असा निघाला की आत गेलेली ऊर्जा आणि खर्च झालेली ऊर्जा यांचा मेळ जवळजवळ तंतोतंत बसतो. वाफेच्या इंजिनाला जो नियम, तोच माणसाला.

पण गंमत पुढेच आहे. अ‍ॅटवॉटरना कुणाचं वजन उतरवायचंच नव्हतं! कमी पैशांत गरीब कामगाराच्या पोटात जास्त पोषण कसं जाईल, हा त्यांचा प्रश्न होता. कॅलरी मोजून बारीक व्हायची टूम घरोघरी नेली लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी, १९१८च्या त्यांच्या पुस्तकातून. कामगाराचं पोट भरायला काढलेलं माप एका पिढीत जास्त खाणाऱ्याची शिक्षा मोजायला लागलं.

आता आपल्याकडे या. कोलकात्याजवळ चेंगाइलला एक ज्यूट मिल होती. हार्वर्डचे ज्याँ मायर यांनी पूर्णिमा रॉय आणि कामाख्या प्रसाद मित्रा यांच्याबरोबर तिथल्या २१३ पुरुषांचा अभ्यास केला आणि १९५६मध्ये तो छापला. एकाच आवारात सगळे नमुने: दिवसभर बसून असणारे दुकानदार, कारकून, विणकर, कोळसा वाहणारे मजूर. काही कारकून मिलच्या आवारातच राहायचे, काही रोज मैलोन् मैल चालत यायचे. जड काम करणारे जास्त खायचे, पण त्यांचं वजन आटोक्यात. यात नवल नाही. नवल हे की अगदी बसून असणारे लोक हलकं काम करणाऱ्यांपेक्षा कमी नाही, जास्त खात होते! आणि वजनही त्यांचंच जास्त.

मायर यांचं म्हणणं असं की काम एका मर्यादेत असेल तर भूक आपोआप त्याच्याशी जुळवून घेते, पण हालचाल फारच कमी झाली की ही जुळवाजुळव बिघडते. हा एका वेळी काढलेला फोटो आहे, त्यावरून कारण आणि परिणाम ठामपणे सांगता येत नाहीत, हे मान्य. तरी मला माझ्या शीटमधला बग इथेच दिसला. मी दोन रकाने वेगवेगळे धरले होते. पण जादा धावलो त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खात होतो आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टने जात होतो.

दुसरा धक्का २०१२चा. हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. शिकार करणारी, कंदमुळं खणणारी, भरपूर चालणारी माणसं. शरीराचं आकारमान लक्षात घेतल्यावर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च पाश्चात्त्य शहरी माणसाइतकाच निघाला. म्हणजे हालचाल वाढली की शरीर बहुतेक दुसरीकडे काटकसर करतं. अ‍ॅटवॉटरचा नियम इथे मोडत नाही, फक्त खर्चाची बाजू आपल्या हातात वाटते तेवढी नाही.

याचा फायदा कुणाला, हेही बघा. २०१५मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की खाण्यापेक्षा व्यायामावर भर द्या असं सांगणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका गटाला कोका-कोलाने १५ लाख डॉलर दिले होते. गट त्याच वर्षी गुंडाळला गेला. खुशाल प्या आणि पळा, वजन वाढलं तर तुम्ही आळशी! मला याचा खरंच राग येतो, कारण गुडघ्याला बर्फ लावून बसलो होतो तेव्हा मीही स्वतःला हेच ऐकवत होतो.

आणि तो मनगटावरचा आकडा? २०१७मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ७ उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सगळ्यात चांगल्या उपकरणाचीसुद्धा चूक २७ टक्के होती. एवढी चूक असलेला कोड मी प्रॉडक्शनला टाकला तर नोकरी जाईल.

व्यायाम मी सोडलेला नाही. हृदयासाठी, झोपेसाठी, आणि मजा येते म्हणून. फक्त ते शीट डिलीट केलं. गेल्या रविवारी गडावर शेजारच्या काकांनी घड्याळ बघून जाहीर केलं, "आठशे जळल्या, अजून एक प्लेट बसते!" प्लेट आली. मीही त्यातली दोन भजी उचलली.