अवांतर वाचनाची हकीकत

'अवांतर वाचन' हा शब्द आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. अवांतर म्हणजे मुख्य सोडून इतर. परकी भाषा शिकताना मुख्य काय, तर नेमलेले पुस्तक, वहीत उतरलेले शब्दार्थ आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. गोष्टीची पुस्तके अभ्यास आटोपल्यावर, तीही वेळ उरला तर! हा क्रम उलटा हवा असे ज्यांना वाटले, त्यांच्यापैकी दोघातिघांची हकीकत आपण येथे पाहू.

ती सुरू होते ढाक्यात. तेथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट हे इंग्रज सरकारच्या शिक्षणखात्यातले अधिकारी. पण त्यांचे लक्ष परीक्षेत पहिल्या येणाऱ्या मुलावर नव्हते. शाळा मध्येच सोडून जाणाऱ्या मुलावर होते. 1926 साली द्विभाषिकतेवरील त्यांचा ग्रंथ कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. विम्याचे हप्ते मध्येच थांबवले तर जी रक्कम हाती येते तिला 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. वेस्टनी हाच शब्द शिक्षणाला लावला. तीनचार वर्षे इंग्रजी शिकून घरी बसलेल्या मुलाच्या पदरात काय पडते? अर्धवट व्याकरण कोणत्या कामाचे, आणि खेड्यात इंग्रजी बोलायचे तरी कोणाशी? मात्र सोपे पुस्तक वाचण्याइतकी भाषा आली असेल, तर ती शाळा सुटल्यावरही त्याच्याजवळ राहते.

मग मुले वाचीत का नाहीत? वेस्टनी वाचनमाला तपासल्या. पानापानावर नव्या शब्दांची गर्दी, आणि आलेला शब्द पुन्हा भेटेल याची शाश्वती नाही. असे पुस्तक वाचायचे म्हणजे दर ओळीला ठेच, आणि ठेच लागली की गोष्ट हातची गेलीच. वेस्टनी दुर्मीळ शब्दांच्या जागी रोजचे शब्द घातले, नवे शब्द विरळ केले, एकदा आलेला शब्द पुन्हापुन्हा आणला, आणि प्रसिद्ध इंग्रजी गोष्टी अशा मोजक्या शब्दांत लिहून काढल्या. 1953 साली त्यांनी सुमारे दोन हजार शब्दांची यादीही प्रसिद्ध केली. असल्या पुस्तकांना पाणी घातलेले दूध म्हणणारे पुष्कळ असतात. म्हणोत बापडे, निरशा दुधाने पोट बिघडणाऱ्याचे काय करावे, हे ते सांगत नाहीत. बोलणे मात्र वेस्टनी फारच मागे ढकलले, हे आम्हांस पटत नाही.

ढाक्यातल्या तर्काची मोठी कसोटी लागली ती दूर फिजी बेटांत, 1980 च्या सुमारास. तेथील मुले घरी फिजियन किंवा हिंदी बोलतात; इंग्रजी भेटते ती शाळेत. वॉरिक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी आठ खेड्यांतील शाळांच्या चौथी-पाचवीच्या वर्गांना अडीचशे सचित्र गोष्टींची पुस्तके दिली. काही वर्गांत मुले आपापली मुकाट्याने वाचीत. काही वर्गांत शिक्षक पुस्तक वाचून दाखवीत आणि मुले त्यावर बोलत. तुलनेसाठी घेतलेल्या वर्गांत वाक्ये घोकण्याचा जुना क्रम चालूच होता. आठ महिन्यांनी पाहिले, तर पुस्तके मिळालेल्या मुलांची वाचून समजण्यातली प्रगती नेहमीच्या दुप्पट होती. इतकेच नव्हे, तर ऐकून समजण्यातही ती तशीच पुढे गेली होती. वीस महिन्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा हे अंतर आणखी वाढून भाषेच्या इतर अंगांतही उतरले होते.