बिशान–आंग मो किओ उद्यान

बिशान–आंग मो किओ उद्यान : सिंगापूरमधील कालांग नदीच्या काठावरील सार्वजनिक उद्यान. क्षेत्रफळ ६२ हेक्टर. उत्तरेस आंग मो किओ आणि दक्षिणेस बिशान या दाट वस्तीच्या दोन उपनगरांच्या मधोमध ते पसरले आहे. मेरीमाउंट रस्त्यामुळे त्याचे दोन भाग पडतात : पश्चिमेस तळ्यांची बाग आणि पूर्वेस नदीचे मैदान. १९८८ मध्ये खुले झालेल्या या उद्यानाची २००९ ते २०१२ या काळात संपूर्ण पुनर्रचना झाली आणि १७ मार्च २०१२ रोजी पंतप्रधान ली श्येन लुंग यांच्या हस्ते ते नव्या रूपात लोकांसाठी खुले करण्यात आले. या कामाला सुमारे ७.६ कोटी सिंगापूर डॉलर खर्च आला. प्रवेश विनामूल्य असून उद्यान दिवसरात्र खुले असते. प्रवासवर्णनांत आणि स्थापत्यविषयक लेखनात त्याचा उल्लेख बहुधा ‘काँक्रीटच्या कालव्यातून पुन्हा जिवंत केलेली नदी’ असा येतो. हे वर्णन आकर्षक आहे, पण उद्यानाचे खरे महत्त्व त्यात येत नाही. या जमिनीचा मोठा भाग मुसळधार पावसात पाण्याखाली जावा, अशीच त्याची आखणी आहे. बुडणे हे येथे नुकसान मानलेले नाही, ते उद्यानाचे नेमून दिलेले काम आहे. नदीकाठच्या सार्वजनिक जागेची किंमत तिच्या शोभेपेक्षा तिच्या या क्षमतेवरून करावी, असे या स्थळाचा इतिहास आणि रचना पाहता म्हणावे लागते.

कालांग ही सिंगापूरमधील सर्वांत लांब नदी असली, तरी तिची लांबी जेमतेम १० किमी. आहे. लोअर पीअर्स जलाशयापासून निघून ती दाट वस्तीतून दक्षिणेकडे वाहत मरीना जलाशयाला मिळते. सिंगापूरमध्ये वर्षाला सरासरी २,४०० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो आणि तो बाराही महिने असतो. त्यातच अर्ध्या-पाऊण तासात रस्त्यांचे ओढे करून टाकणाऱ्या सरी नेहमीच्या. डिसेंबर १९७८ मध्ये चोवीस तासांत ५१२ मिमी. पाऊस कोसळला आणि बेटाच्या सखल भागात पाणीच पाणी झाले. याच सुमारास नवी उपनगरे झपाट्याने उभी राहत होती. आजचे बिशान ज्या जमिनीवर वसले आहे, तेथे कँटन प्रांतातून आलेल्या चिनी समाजाची पेक सान थेंग ही १८७० मध्ये स्थापन झालेली मोठी दफनभूमी आणि तिच्या आश्रयाने वाढलेले गाव होते. १९८० च्या दशकात कबरी उकरून अस्थी हलवण्यात आल्या व त्या जागी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारती आल्या. अशा घाईच्या काळात पावसाचे पाणी कमीत कमी जागेतून, कमीत कमी वेळात समुद्राकडे नेणे हाच अभियंत्यांपुढचा प्रश्न होता, आणि सरळ, गुळगुळीत काँक्रीटचा कालवा हे त्याचे चोख उत्तर होते. त्या पिढीला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण या कालव्यांमुळे पूरग्रस्त क्षेत्र खरोखरच घटले. मात्र त्यापायी नदीचे गटार झाले. उद्यानाच्या कडेने कठड्याआड २.७ किमी. लांबीचा कालवा गेला होता. बहुतेक दिवस त्याच्या तळाशी पाण्याची बारीक धार असे आणि पाऊस आला की तोच भरधाव वाहू लागे. बाग आणि नदी शेजारी-शेजारी असूनही त्यांचा एकमेकींशी काही संबंध उरला नव्हता.

२००६ मध्ये सिंगापूरच्या जलसंस्थेने, म्हणजे पीयूबीने, नाले, कालवे व जलाशय लोकांच्या वापरात आणणारी ‘सक्रिय, सुंदर, स्वच्छ जल’ ही योजना हाती घेतली. कालव्याची क्षमता वाढवण्याची गरज होतीच, उद्यानही नूतनीकरणाला आले होते. ही दोन कामे वेगवेगळी न करता पीयूबी आणि राष्ट्रीय उद्यान मंडळ यांनी एकत्र केली. जर्मन भूरचनाकार हर्बर्ट ड्रायझाइट्ल यांच्या संस्थेने आराखडा केला. कालवा फोडून त्या जागी सुमारे ३ किमी.चे नागमोडी पात्र घडवण्यात आले. जुना कालवा १७ ते २४ मी. रुंद होता. आता पूर आला की पाणी दोन्ही काठांच्या उतरत्या हिरवळीवर पसरते आणि काही ठिकाणी प्रवाहाची रुंदी १०० मी.च्या घरात जाते. पाणी वाहून नेण्याची क्षमता यामुळे सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. काँक्रीट काढल्यावर पूर वाढायला हवा, असा सर्वसाधारण समज असतो, येथे उलट घडले. गवत, दगड आणि वळणे यांमुळे पाण्याचा वेग घटतो हे खरे, पण पसरायला मिळालेली जागा त्याची भरपाई करून वर शिल्लक ठेवते, आणि वेग घटल्यामुळे खालच्या भागात पाण्याचा लोंढा एकदम पोहोचत नाही. महाराष्ट्रात ‘पूररेषा’ हा शब्द नकाशावरच्या बंधनासाठी परिचित आहे. येथे ती रेषा हिरवळीच्या उताराच्या रूपाने प्रत्यक्ष पायाखाली असते.

मातीचा काठ पुरात टिकवायचा कसा, ही यातली सर्वांत अवघड गोष्ट होती. उष्ण कटिबंधातील शहरी नदीवर अशा कामाचा अनुभव फारसा नव्हता. म्हणून २००९ मध्ये उद्यानातल्याच एका लहान प्रवाहाच्या ६० मी. पट्ट्यावर काठ बांधण्याच्या दहा पद्धतींची चाचणी घेण्यात आली व त्यांतल्या सात मुख्य नदीसाठी निवडल्या. त्यांचे तत्त्व साधे आहे. जिवंत फांद्यांच्या मोळ्या बांधून त्या उतारावर आडव्या चरांत पुरायच्या, खुंट्या ठोकून पक्क्या करायच्या आणि वर माती लोटायची. काही आठवड्यांत फांद्यांना मुळे फुटतात व ती माती विणल्यासारखी धरून ठेवतात. जेथे पाण्याचा मारा जास्त तेथे दगडांच्या राशी आणि जाळीच्या पेट्या असून त्यांच्या फटींतून रोपे लावली आहेत, इतरत्र मातीचे थर खास कापडात गुंडाळून एकावर एक रचले आहेत. काँक्रीटची भिंत नवी असताना सर्वांत मजबूत असते आणि पुढे झिजत जाते. हा काठ मात्र पहिल्या वर्षी सर्वांत नाजूक असतो व मुळे खोल गेली की बळकट होतो. काठाजवळून चालताना झुडपांच्या बुंध्यांखाली नीट पाहिले, तर दगडांच्या सांध्यांत शिरलेली मुळे अजूनही दिसू शकतात. उद्यानातले खरे बांधकाम तेच आहे.

पाहण्यासारख्या इतर गोष्टीही याच विचाराशी जोडलेल्या आहेत. फोडलेल्या कालव्याचे काँक्रीट बाहेर टाकून न देता त्याची एक टेकडी रचली आहे. तिला ‘रिसायकल हिल’ म्हणतात, आणि तिच्यावरून वळणे घेत जाणारे पात्र दूरवर नजरेत येते. पश्चिम भागात पायऱ्यापायऱ्यांच्या वाफ्यांतून पाणी झिरपवणारी वनस्पती-गाळणी आहे. पाणवनस्पतींची मुळे पाण्यातला गाळ व पोषकद्रव्ये शोषून घेतात आणि जंतुनाशक किरणांची प्रक्रिया झाल्यावर ते पाणी मुलांच्या जलक्रीडांगणात वापरले जाते. कमळतळे, सामुदायिक बाग, कुत्र्यांना मोकळे सोडण्याचे आवार, ज्येष्ठांच्या स्वास्थ्यासाठी केलेली उपचार-बाग या सोयी पाहुण्यांपेक्षा शेजारच्या रहिवाशांसाठी आहेत. कोरड्या दिवशी नदीचे पाणी उथळ असते. पात्रात टाकलेल्या दगडांवर पाय ठेवत पलीकडे जाता येते. भेटीसाठी सकाळ किंवा उन्हे उतरल्यानंतरची वेळ बरी, दुपारी उकाडा व अचानक सर यांचा त्रास होतो. बिशान, आंग मो किओ आणि २०२१ मध्ये सुरू झालेले ब्राइट हिल या मेट्रो स्थानकांवरून येथे पोहोचता येते.

जे पात्र तासाभरात भरते, तेथे लहान मुलांना उतरू देणे धोक्याचे नाही का, हा या उद्यानावरचा पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप होय. धोका आहेच, आणि आखणीत तो गृहीत धरलेला आहे. पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे, लुकलुकणारे दिवे, भोंगे व ध्वनिक्षेपकावरून सूचना अशी इशारा देणारी व्यवस्था नदीच्या कडेने बसवलेली आहे आणि जागोजागी जीवरक्षक कडी ठेवली आहेत. पण या यंत्रणेहून महत्त्वाचे काम उतारच करतो. कालव्याच्या उभ्या भिंतीत पडलेल्या माणसाला वर येण्यासाठी आधार नसतो. येथे पाणी वाढू लागले, की कोणत्याही बाजूने चार पावले चढून कोरड्या जमिनीवर जाता येते आणि पाणीही हळूहळू पसरत वर येते. तरीही आभाळ भरून आले की पात्र सोडावे, आणि भोंगा वाजल्यावर ‘अजून तर पाणी घोट्याएवढेच आहे’ असा हिशेब करत थांबू नये. कठडा माणसाला नदीपासून दूर ठेवतो. मोकळा काठ त्याच्याकडून सावधपणाची अपेक्षा करतो. या पाण्याचा शेवट मरीना जलाशयात, म्हणजे शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात होतो. २००८ मध्ये मुखाशी बंधारा पूर्ण झाल्यावर खाडीचे रूपांतर गोड्या जलाशयात होऊ लागले आणि आज सिंगापूरची सुमारे दोन तृतीयांश भूमी पाणलोट क्षेत्र आहे. जी नदी आपल्याला दिसत नाही तिच्यात कचरा टाकताना हात अडखळत नाही, म्हणून नदी डोळ्यांसमोर असणे ही शहराच्या पाण्याचीही गरज ठरते.

दुसरा आक्षेप नैसर्गिकतेबद्दल आहे. उगमाकडे जलाशय, वरच्या अंगाला गटारे आणि मधे आखून दिलेली वळणे अशी ही नदी नैसर्गिक कशी म्हणायची? हा आक्षेप मान्य केला पाहिजे. येथे जुने पात्र परत आणलेले नाही, नवे घडवले आहे. परंतु घडवलेल्या जागीही जीवसृष्टी आपला निवाडा स्वतः करते. बाहेरून प्राणी आणून न सोडता पहिल्या दोन वर्षांत जैवविविधता सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याची नोंद झाली. रानफुलांच्या ६६, पक्ष्यांच्या ५९ आणि चतुरांच्या २२ जाती नोंदवल्या गेल्या. कोकण व गोव्याच्या खाड्यांतही आढळणारी पाणमांजराची एक जात सिंगापूरमधून नाहीशी झाली होती. ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस परतली, आणि पुढे तिच्या एका कुटुंबाने या उद्यानात मुक्काम केल्यावर ‘बिशानची पाणमांजरे’ देशभर प्रसिद्ध झाली. घरांच्या तळ्यांतले शोभेचे मासे ती फस्त करतात अशा तक्रारीही आल्या. खऱ्या प्राण्यांबरोबर खऱ्या अडचणी येणारच. डासांची भीतीही बोलून दाखवली जाते. मात्र डेंग्यूचा डास वाढतो तो साचलेल्या स्वच्छ पाण्यात. वाहता प्रवाह, मासे आणि चतुरांच्या अळ्या त्याला फार वाव देत नाहीत.

तिसरा आक्षेप असा, की हे सगळे श्रीमंत, शिस्तबद्ध आणि जमीन सरकारच्या ताब्यात असलेल्या शहरालाच परवडते. यात तथ्य आहे. कालव्याला खेटून इमारती असत्या, तर नदीला १०० मी. रुंदी देता आली नसती. पण यातून निघणारा निष्कर्ष आक्षेपकांच्या समजुतीविरुद्ध जातो. येथे पुरासाठी नवी जमीन विकत घ्यावी लागली नाही. बागेची म्हणून आधीच राखलेली जमीन होती, तिलाच दुसरे काम देण्यात आले. वर्षातले थोडे तास ती नदीची, उरलेला सर्व काळ लोकांची. ज्या शहरात जमीन कमी आणि पैसा तोकडा, त्याला तर एकाच जमिनीचा असा दुहेरी वापर अधिकच हवा. खरी अडचण कारभाराची असते. जलखात्याला पाणी लवकर घालवायचे असते, उद्यानखात्याला हिरवळ कोरडी हवी असते, आणि दोघांच्या हद्दीवर कठडा उभा राहतो. बिशानमध्ये काँक्रीट फुटले, कारण त्याआधी ही हद्द पुसली गेली.

या यशाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. उद्यान ओलांडल्यावर कालांग पुन्हा बव्हंशी काँक्रीटच्या पात्रातूनच वाहते. २०१७ मध्ये सिंगापूरच्या नगररचना विभागाने मांडलेल्या माहितीनुसार नदीपासून २ किमी.च्या आत सुमारे ८ लाख लोक राहतात आणि पुढील वीस वर्षांत तेथे आणखी १ लाख घरे नियोजित आहेत. जमिनीची मागणी वाढत जाईल तशी मोकळ्या काठाची किंमत केवळ सौंदर्यावर ठरवणे धोक्याचे होईल, कारण सौंदर्याला स्वस्त पर्याय नेहमीच सुचवता येतो : भिंत बांधा, वर फरसबंदी करा, दिव्यांचे खांब आणि कुंड्या लावा. त्या देखाव्यात पुराचे पाणी मावत नाही. बिशान–आंग मो किओचे उतार जे काम करतात, ते कुंड्यांना जमत नाही. त्यामुळे नदीकाठच्या कोणत्याही नव्या उद्यानाचा आराखडा पुढे आला, की सर्वांत मोठ्या पावसाच्या दिवशी यातली किती जमीन नदीला मिळणार आहे, हेच आधी तपासावे. बिशानच्या आराखड्यात या प्रश्नाचे उत्तर मीटरमध्ये दिलेले आहे, आणि म्हणूनच हे स्थळ जगभरच्या नगररचनाकारांच्या अभ्यासाचा विषय झाले आहे.