‘बसावं’ची कुळकथा

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पाहुणा दारात आला की ‘या, बसा’ म्हणतात. तोच पाहुणा शाळेच्या कार्यक्रमाला आला, की माइक हातात घेतलेले गुरुजी म्हणतात, ‘प्रमुख पाहुण्यांना विनंती, त्यांनी स्थानापन्न व्हावं.’ पाहुणे दोन हातांच्या अंतरावर उभे असतात, आणि बोलणं चालतं ते जणू दूरच्या कुणाबद्दल. या ‘व्हावं’वर माझा फार जीव आहे. मराठीतल्या अदबीचं सगळं मर्म त्यात आहे, आणि त्याचं घराणंही जुनं आहे.

‘बसा’ची गोष्ट सरळ आहे. समोर माणूस एक, पण त्याला अनेकवचन द्यायचं, की झाला मान. जगातल्या पुष्कळ भाषांनी हीच वाट धरली. ‘बसावं’ मात्र आज्ञेच्या घरातलं नाहीच. मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या 1911 सालच्या ग्रंथात आज्ञार्थ वेगळा आणि विध्यर्थ वेगळा आहे. ‘बसावं’ हा विध्यर्थ. त्याचं मूळ संस्कृतातल्या ‘तव्य’ प्रत्ययात आहे. कर्तव्य म्हणजे करण्याजोगं, गंतव्य म्हणजे जाण्याजोगं. प्राकृतात आल्यावर ‘त’ गळाला, ‘व्य’चा ‘व्व’ झाला, आणि पुढे मराठीत ‘करावा, करावी, करावे’ तयार झालं. ‘कर्तव्य’ आणि ‘करावे’ ही एकाच पोटची भावंडं. एक पोथीत राहिलं, दुसरं चुलीपाशी आलं.

मूळचं हे रूप कर्मणी होतं, याची खूण अजून पुसलेली नाही. ‘तो करतो’ म्हणताना ‘तो’ मोकळा असतो. ‘त्याने करावे’ म्हटलं की ‘ने’ चिकटतो. पंगतीत यजमान म्हणतो, ‘पाहुण्यांनी अजून एक पोळी घ्यावी, भाताचे दोन घास खावेत.’ इथे ‘घ्यावी’ हे क्रियापद पोळीशी जुळलंय आणि ‘खावेत’ घासांशी. पाहुण्यावर हुकूम सुटलेलाच नाही. पोळी घेतली जाण्याजोगी आहे, एवढंच यजमानाने सांगितलं. घ्यायची की नाही ते पाहुण्याच्या हातात राहिलं. आग्रह केला, पण माणसाकडे बोट केलं नाही. मला मराठीची ही युक्ती अतिशय सुंदर वाटते.

जालना जिल्ह्याशी विध्यर्थाचं नातं आणखी जवळचं आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी 1608 साली सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. तेच समर्थ रामदास. त्यांच्या ‘दासबोधा’त वीस दशक, दोनशे समास आहेत. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं यावर आहे. वळण, टाक, ओळींची सरळ रेघ, पानाच्या कडेची मोकळी जागा, पहिलं अक्षर जसं तसंच पोथी संपेपर्यंतचं अक्षर, अशा बारीकसारीक सूचना तिथे ‘-आवें’ने येतात. ‘मनाच्या श्लोकां’त तर ते स्वतःच्या मनाला अरेतुरे करतात, आणि सांगताना पुष्कळदा हेच विध्यर्थाचं रूप वापरतात. संबोधनात जवळीक आणि क्रियापदात आदर, असा हा मेळ आहे.

रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ही तसंच. नाव आज्ञेचं, पण राजाने काय करावं, गड कसा राखावा, हे सारं विध्यर्थात.

‘-आवे’ला एक वडील भाऊ होता, ‘-इजे’. जुन्या मराठीत ‘कीजे, देइजे, बोलिजे’ अशी रूपं सर्रास होती. हीही मुळात कर्मणीच : केलं जावं, दिलं जावं. शिवकाळातल्या राजपत्रांच्या शेवटी ‘जाणिजे’ असतं, ते हेच. पुढे हा भाऊ मागे पडला, तरी घरातून पुरता गेला नाही. ‘म्हणजे’ हे ‘म्हणिजे’, म्हटलं जातं ते. ‘पाहिजे’ हेही ‘पाहणे’चं तसलंच रूप, पाहिलं जातं, हवं असतं ते. दिवसाकाठी आपण किती वेळा ‘पाहिजे’ म्हणतो!

हिंदी-उर्दूतलं ‘चाहिए’ अगदी याच रीतीने घडलं. ‘कीजिए, बैठिए, दीजिए’ ही अदबीची रूपंही प्राकृतातल्या ‘-इज्ज’पर्यंत नेता येतात. जालना सप्टेंबर 1948पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला दरबारी कारभार उर्दूत चाले. कचेरीत ‘तशरीफ रखिए’ ऐकायचं आणि घरी येऊन ‘बसावं’ म्हणायचं, असं इथल्या कित्येक पिढ्यांचं आयुष्य गेलं. दोन भाषांच्या दोन अदबी वाटल्या, तरी मूळची चाल एकच : कर्त्याला बाजूला सारून कामाबद्दल बोलायचं.

दूरच्या स्पेनमध्येही माणसं याच वळणावर आली. तिथे ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, असं संबोधन होतं. ते झिजून ‘उस्तेद’ झालं. समोरच्याला ‘कृपा’ म्हटल्यावर क्रियापद तृतीय पुरुषी ठेवावं लागतं, आणि सांगायचं असेल तर ते इच्छार्थात घालतात : ‘वेंगा उस्तेद’, आपल्या कृपेने यावं. आपल्या गुरुजींचं ‘पाहुण्यांनी स्थानापन्न व्हावं’ त्याच्याशी छान जुळतं. लग्नपत्रिकेतलं ‘अगत्य येण्याचे करावे’ तर त्याच्याही पुढे जातं. तिथे ‘या’सुद्धा नाम होऊन बसलंय.

जुन्या राजपत्राचा शेवट ‘जाणिजे’ने व्हायचा, आपली पत्रं ‘कळावे, लोभ असावा’ म्हणून संपत आली. थोरल्या भावाची जागा धाकट्याने घेतली ती अशी. पण जाफराबादहून पुढे बुलढाण्याच्या हद्दीत उतरलं, की वऱ्हाडी बोलीत ‘येजो’, ‘सांगजा’ कानी पडतं, आणि गुजरातीतल्या ‘आवजो’सारखं तेही थोरल्याच्याच वंशातलं दिसतं. एसटी हलताना खिडकीशी उभी असलेली म्हातारी म्हणते, ‘पोचल्यावर सांगजा.’